बेचाळीस नंबरची चकती

"आता हे तुम्ही मानणार नाही," म्हातारा सीथोन म्हणाला, "आणि मानू पण नका. मी तरी कुठं मानलं होतं, वरून खाली येईपर्यंत?"

ताडपत्रीच्या सावलीत बसलेले मोटारसायकल टॅक्सीवाले पुढे सरकले. म्हाताऱ्याने पाठ खांबाला टेकली, मांडी नीट घातली.

"सात मजल्यांची उंची. सांगाडा वाकला, तसा मी निघालो. रस्ता लांबचा, म्हटलं विडी तरी ओढावी. खिशातून तंबाखू काढली, पानात वळली, पण काडी नाही. इकडंतिकडं बघतोय, तर फाटकाजवळच्या देवळीतला भूमिदेव, आपला तो म्हातारबा, माझ्या शेजारनं वर चाललेला. म्हटलं, आजोबा, काडी आहे का? त्यानं माझी कॉलरच धरली. म्हणाला, माझ्यापुढचं लाल सरबत चोरून प्यालास तू, अकरा बाटल्या. तू मेलास तर माझ्या देवळीकडं बघतंय कोण? आणि ठेवला मला वाळूच्या ढिगावर, अलगद, कोंबडीखाली अंडं ठेवावं तसा."

टॅक्सीवाले हसले. हसता हसता एकाची नजर समोर गेली आणि त्याचे हसू तिथेच विझले. कंपनीच्या बंद फाटकासमोर, भर रस्त्यात, सात पिवळी हेल्मेटं ओळीने मांडली होती. प्रत्येकापुढे झेंडूची माळ, वाळूच्या डब्यात खोचलेली उदबत्ती आणि ज्याला जे आवडे ते. कुणापुढे भाजलेला मासा, कुणापुढे सिगारेटचे पाकीट, एकापुढे लॉटरीचे तिकीट. ते तिकीट त्याने स्वतःच घेतलेले होते. सोडत कालच झाली आणि काही लागले नाही, तरी त्याच्या बायकोने ते उचलले नाही.

आज पाचवा दिवस. मंगळवारी सकाळी या नव्या उंच रस्त्याचा लोखंडी सांगाडा वरच्या काँक्रीटसकट खाली आला. बुधवारी दुपारपर्यंत सात प्रेतं निघाली. गुरुवारी कंपनीने फाटकावर कागद चिकटवला की मजुरांनी सुरक्षेचे पट्टे लावले नव्हते. त्याच संध्याकाळी सुनीसा फाटकासमोर येऊन बसली आणि तिच्यामागून सगळे. सुनीसा म्हणजे पाळणा चालवणाऱ्या पोराची थोरली बहीण. पाळणा म्हणजे माणसे वर नेणारी लिफ्ट. तिचा भाऊ ओळीतले तिसरे हेल्मेट होता. ती रडली नव्हती. चादरीवर लाल रंगाने तिने एकच ओळ लिहून फाटकाला बांधली होती: 'पट्टा कशाला बांधायचा ते सांगा.' कारण वर पट्टा अडकवायला दुसरे काही नव्हतेच. वेगळी दोरी नाही, खालती जाळी नाही. पट्टा अडकवायचा तो त्याच सांगाड्याला. जो पडला, त्यालाच.

पहिल्या दिवशी बाजारातल्या बायका चिकटभाताच्या टोपल्या घेऊन आल्या, दुसऱ्या दिवशी कॉलेजची पोरे, मग दुसऱ्या कामांवरचे मजूर आपापली हेल्मेटं घालून. आणि या सगळ्या गर्दीला दाखवायला एक चमत्कार होता: वर गेलेल्या आठांपैकी वाचलेला एकटा माणूस, देशाच्या ईशान्येकडल्या ईसानचा म्हातारा सीथोन.

सीथोनच्या शब्दावर या कामावर कुणीही कधी विश्वास ठेवला नव्हता. तीस वर्षे पुलांवर काढलेला हा माणूस सांगायचा की एकदा क्रेनला लोंबकळत त्याने बायकोला फोन केला आणि ती म्हणाली, येताना कोथिंबीर आणा. म्हाताऱ्यावर विश्वास नव्हता, पण चकतीवर होता. वर जाणाऱ्याने आपल्या नंबरची पितळी चकती पाळण्याजवळच्या फळ्यावर, खिळ्याला अडकवायची. खाली आला की काढायची. मंगळवारी फळ्यावर आठ चकत्या होत्या. सात नंबरांची माणसे ढिगाऱ्यातून निघाली. आठवी चकती बेचाळीस नंबरची, सीथोनची, आणि सीथोन तर कोपर खरचटलेला, धुळीने माखलेला, वाळूच्या ढिगापाशी उभा. म्हणजे हिशेब जुळला. शोध थांबला. चकती खोटे बोलत नाही.

एवढेच की मंगळवारी सीथोन वर गेलाच नव्हता.

त्याची जायची पाळी होती, हे खरे. पण त्या सकाळी वाळूच्या ढिगामागे, निंबाच्या सावलीत, त्याला चांगले श्रोते मिळाले होते. चार बर्मी मजूर, कागद नसलेले, नावाला जमिनीवरचीच कामे करणारे. गोष्ट चालली होती मेकाँगमधल्या मांगूर माशाची, ज्याने रेडकू गिळले होते, आणि आतून रेडकाचे हंबरणे ऐकू येत होते. नेमका तेव्हा वर बोलावणारा भोंगा झाला. अशा ठिकाणी कोण उठेल? श्रोत्यांतला पाचवा होता पो थेन, तोही बर्मी, बिनकागदाचा. हसरा, चपळ, वर जायला कायम तयार, कारण वरच्या कामाला हजेरी जास्त. त्याला स्वतःचा नंबर नव्हता. बिनकागदाच्या माणसाला नंबर देत नसत, पण म्हाताऱ्यांचे गुडघे दुखले की त्यांची चकती घेऊन हीच पोरे वर जात. मुकादमाला माहीत, साहेबाला माहीत, सगळ्यांना माहीत.

"तासाभराचं काम आहे," सीथोन त्याला म्हणाला होता. "माझी चकती घे, जा."

पो थेनने चकती घेतली आणि आपला जेवणाचा डबा सीथोनच्या हातात दिला. "काका, मी येईपर्यंत दोन्ही संपवू नका," तो म्हणाला. "डबा पण आणि गोष्ट पण."

रेडकू अजून माशाच्या पोटातच होते, तेव्हा सांगाडा पडला.

धूळ खाली बसायच्या आत ते चौघे कुंपणावरून पळाले. पोलीस येणार, कागद मागणार. दुपारपर्यंत ते जिल्हा सोडून गेले होते. मुकादम आणि पाळणेवाला, ज्यांनी पो थेनला वर जाताना पाहिले, ते आता ओळीतली हेल्मेटं झाले होते. आणि सीथोन खडीवर पडत-उठत ढिगाऱ्याकडे धावला, तेव्हा कुणीतरी ओरडले, "बेचाळीस नंबर जिवंत आहे." दहा हातांनी त्याला धरले. कसा वाचलास, कसा वाचलास. आयुष्यात कुणी विचारलेला प्रश्न सीथोनने गोष्टीवाचून परत पाठवला नव्हता. तोंड आपसूक उघडले आणि तो म्हणाला, "पडलो. वाळूत पडलो."

भूमिदेव दुसऱ्या दिवशी आला. विडी तिसऱ्या दिवशी.

*

पो थेनची बायको न्यो आली बुधवारी. गालांवर बर्मी बायका लावतात तो थनाखाच्या सालीचा पिवळा लेप, अंगाला कोळंबीचा वास. समुद्राकडच्या गावात ती कोळंबी सोलायच्या कारखान्यात होती. तिच्याजवळ कामाच्या परवान्याचे कार्ड होते, नवऱ्याजवळ नव्हते. त्याचा फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती एकेकाला दाखवत फिरे. कंपनीच्या कारकुनाने वही उघडून दाखवली, या नावाचा माणूसच नाही. इस्पितळात सात प्रेतं होती, सातही दुसऱ्यांची. काहीजण म्हणाले, पाहिला होता बाई, पण ती सगळी पोरं पळाली, तोही पळाला असेल.

ती सीथोनकडेही आली. तो खरे सांगायला गेला, त्याने तसे ठरवलेच होते, आणि तोंडातून निघाले, "मंगळवारी दुपारी बसकडं जाताना दिसला मला. गावाकडं गेला असेल."

त्या एका थापेने मात्र त्याला झोप लागेना. बाकीच्या थापा अंगाला चिकटत नाहीत, पाण्यासारख्या ओघळून जातात. ही चिकटली.

आज सकाळीही ती येऊन त्याच्या शेजारी बसली. फाटकाच्या जाळीतून ढिगारा दिसत होता. त्यावर रोज चुन्याची पांढरी भुकटी टाकत. एक पिवळी कुत्री एकाच कोपऱ्याशी जाऊन बसे, हाकलली तरी परत तिथेच.

"काका, तुम्हाला नक्की तोच दिसला?" न्योने विचारले. तिची भाषा मोडकी होती, पण शब्द जपून ठेवी. "मी गावाकडं फोन केला. तिथं नाही पोचला."

"सरहद्दीवर थांबवला असेल. थांबवतात."

"सोमवारी सुट्टी म्हणून घरी आला होता. मंगळवारी पहाटे मी डबा दिला. माझ्या जुन्या लुंगीचं फडकं बांधून, तीन गाठी मारून. दातानं सोडवाव्या लागतात. तशा नाही मारल्या तर बसमध्येच खाऊन टाकतो." ती जराशी हसली. मग हसू तसेच राहिले आणि डोळे बदलले. "आमच्यात सात दिवस दार उघडं ठेवतात, काका. मेलेला माणूस सात दिवस घरात ये-जा करतो. सातव्याला भिक्षूंना जेवू घातलं की मोकळा होतो. नाही घातलं तर भटकत राहतो. आणि जिवंत माणसाचं सातवं घातलं, तर तो मरतो."

सीथोनने मान वळवून ढिगाऱ्याकडे पाहिले.

"परवा सातवा दिवस. मी वाट बघू, का भिक्षूंना जेवायला सांगू? कुणीतरी एवढंच सांगा मला. बाकी काही नको."

सीथोनने तोंड उघडले. जिभेवर आले ते असे, की सरहद्दीवरच्या ठाण्यात माझ्या ओळखीचा एक हवालदार आहे. त्याने तोंड मिटून घेतले, तो उठला आणि भूमिदेवाच्या देवळीपाशी जाऊन उभा राहिला. लाल सरबताच्या बाटल्या नव्या होत्या, त्यांत नळ्या खोचलेल्या. देवापुढे तरी एकदा सरळ म्हणून बघू, असे त्याच्या मनात आले. "मी त्याला पाठवला," एवढेच म्हणायचे होते. पण "मी" म्हटल्याबरोबर पुढे मांगूर मासा आला, विडी आली, कॉलर आली. साठ वर्षांची जीभ, तिला एकच चाल ठाऊक.

तिथेच त्याला विरोतने गाठले. विरोत या कामावरचा इंजिनियर. इस्त्रीचा शर्ट, पाच दिवसांत खंगलेला चेहरा. त्याने गार पाण्याची बाटली सीथोनच्या हातात दिली आणि समजावले की आज दोन वाजता कामगार खात्याचा अधिकारी जबानी घ्यायला येतोय. काकांनी फार काही सांगायचे नाही, देवबिव तर नाहीच. नंबर बेचाळीस, मी वर होतो, पडलो, वाचलो. खाली सही. मग आठाचा हिशेब लागतो, संध्याकाळी यंत्रे आत येतात आणि ढिगारा उचलून भरावाला जातो.

"भरावाला?"

"मग काय, काका, काँक्रीटच आहे ते." विरोत त्याच्याकडे बघत नव्हता. तो त्या कुत्रीकडे बघत होता. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्हालाही पोरंबाळं आहेत. मलाही आहेत."

म्हणजे यालाही माहीत होते.

अर्ध्या तासाने सुनीसानेही त्याला धरले. तिला वेगळेच हवे होते. अधिकाऱ्याला आत ऑफिसात बसू द्यायचे नाही, इथे, सगळ्यांसमोर, रस्त्यावर टेबल टाकून जबानी घ्यायची, हे तिने दोन दिवस भांडून मिळवले होते. तिच्याकडे साक्षीदार एकच. सातही प्रेतांचे पट्टे कंपनीच्या माणसांनी इस्पितळात पोचायच्या आत काढून घेतले होते.

"काका, एक वाक्य," ती म्हणाली. "माझा पट्टा सांगाड्याला अडकवलेला होता. तुम्ही वर होता, तुम्ही बघितलंय. तुमच्या गोष्टींवर मी आजवर हसले, आज हसायला लावू नका."

"आणि मी नसतोच वर, तर?"

"असं बोलू पण नका. मग माझा भाऊ स्वतःच्या चुकीनं मेला, असंच लिहितील."

सीथोन हो म्हणाला. तिने त्याच्या खरचटलेल्या कोपराला हात लावला, देवाच्या मूर्तीला लावतात तसा. तो हात त्याला चटका बसल्यासारखा झोंबला. ढिगाऱ्याखाली आणखी एक साक्षीदार आहे, त्याच्या कमरेचा पट्टा अजून जागच्या जागी असेल, आणि त्याला गोष्टी सांगता येत नाहीत, हे तिला कसे सांगायचे?

तो मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांकडे गेला. आपल्या झोपायच्या फळीखाली हात घालून त्याने पो थेनच्या डब्याचे ते गाठोडे बाहेर काढले. पाच दिवसांच्या उकाड्याने आतले सगळे आंबून गेले होते, वास फडक्यातून येत होता. त्याने ते कधी उघडले नव्हते. संपवू नका, म्हणाला होता. गाठोडे पिशवीत टाकून, डोक्यावर बेचाळीस नंबरचे हेल्मेट घालून तो परत निघाला.

*

दोन वाजता डांबर वितळत होते. अधिकारी जाड चष्म्याचा, घामाघूम, घडीच्या टेबलाशी बसलेला. पुढे वही, शेजारी छोटा पंखा. एका बाजूला विरोत, दुसऱ्या बाजूला सुनीसा. मागे रस्ताभर माणसे, आणि सगळ्यांत पुढे, हेल्मेटांच्या ओळीपाशी, मांडीवर फोटो घेऊन न्यो.

"नंबर?" अधिकाऱ्याने विचारले.

"बेचाळीस." सीथोनने हेल्मेट काढून मांडीवर घेतले. "साहेब, हे तुम्ही मानणार नाही."

मागे कुणीतरी हसले. सुनीसाने वळून पाहिले, तसे ते हसू थांबले.

"थोडक्यात सांगा," अधिकारी म्हणाला.

"थोडक्यात मला येत नाही, साहेब. मंगळवारी मी वर होतो. सांगाड्यावर, अगदी मधोमध. पट्टा लावला होता, सांगाड्यालाच, कारण दुसरं काय होतं तिथं? आठ जण होतो, आठांचे पट्टे तसेच." त्याने सुनीसाकडे पाहिले. तिने डोळे मिटले होते. "मग ते निघालं. आणि माझ्याबरोबर माझ्या हातात एक डबा होता."

ही भर नवी होती. टॅक्सीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"जेवणाचा डबा. पडता पडता म्हटलं, भूक लागलीय, खाली पोचेपर्यंत खाऊन घ्यावं. पण वारा केवढा. डबा फुटला, साहेब. झाकण एकीकडं, फडकं एकीकडं. भात असा उडाला की आख्ख्या शहरावर पांढरा पाऊस. कबुतरं आली, त्यांनी वरच्या वर झेलला. खाली एक शीत पडलं नाही. वाळलेली कोळंबी होती, तिखटात परतलेली, चहाच्या आंबवलेल्या पाल्यात कालवलेली, ती तेवढी भूमिदेवानं खाल्ली आणि म्हणाला, ज्या बाईनं हे केलंय तिचा हात..."

"काका," विरोत हळूच म्हणाला, "पुरे."

पण सीथोन आता त्याच्याकडे बघत नव्हता, अधिकाऱ्याकडेही नाही. तो फक्त न्योकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे. चहाच्या पाल्याचे नाव निघाल्यापासून ती हलली नव्हती. चहाचा पाला खातात ते बर्मी, ईसानचा म्हातारा खात नाही.

"लोक म्हणतात, सीथोन थापा मारतो," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदाच घसरला. "म्हणून पुरावा आणलाय."

पिशवीतून त्याने गाठोडे काढले आणि टेबलावर न ठेवता, वाकून, न्योच्या पुढ्यात, रस्त्यावर ठेवले.

वास पसरला. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर नाकाला लावावा तसे पंचे नाकाला लावले. अधिकाऱ्याने पंखा दुसरीकडे वळवला. न्योने फोटो बाजूला ठेवला. हिरव्या चौकड्यांचे फडके, त्यावर धुळीचा कणही नाही. तिने बोटाने गाठी चाचपल्या. एक. दोन. तीन. सोडल्या नाहीत. तिसऱ्या गाठीवर बोट तसेच ठेवून तिने मान वळवली, आणि फाटकाच्या जाळीतून, चुना टाकलेल्या त्या कोपऱ्याकडे, कुत्री बसली होती तिकडे, बराच वेळ बघत राहिली.

सीथोनला सवय होती, गोष्ट अडली की लगेच पुढे ढकलायची. त्याने ढकलली नाही. मांडीवरचे हेल्मेट दोन्ही हातांनी धरून तो बसून राहिला.

"खोटं," न्यो म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण रस्ता इतका शांत होता की शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "काका, हे खोटं आहे. भात उडाला म्हणता, आणि माझ्या तिन्ही गाठी जशाच्या तशा. हा डबा वरून पडलाच नाही. तुम्ही पण नाही पडलात. तुम्ही खाली होतात, याचा डबा सांभाळत. वर तो होता."